प्लग बदलताना पहिले आटे बोटांनीच!



लागण, खोडवा, खते, ठिबक यांवर आपण या पानांतून पुष्कळ वाचतो. आजचा विषय जरा निराळा आहे. आता बऱ्याच जणांच्या दारात ट्रॅक्टरशेजारी पेट्रोलची चारचाकीही असते. ट्रॅक्टर डिझेलचा, त्याला स्पार्क प्लग नसतो. फवारणी पंपाचा एखादा प्लग आपण काढून पुसलेला असतो, म्हणून वाटते, गाडीचे तरी काय अवघड आहे! मलाही तसेच वाटले होते.

माझी गाडी जुनी मारुती ८००. १९८३ साली आलेली आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली ही गाडी खेड्यापाड्यांत अजूनही पळताना दिसते. तीन सिलिंडर, तीन प्लग. ऐन तोडीच्या दिवसांत गाडी मिस मारू लागली. चढाला ओढ नाही, उभी केली की थरथर. मी नवे प्लग आणले. दोन नीट बसले. तिसरा तिरपा लागला. घट्ट जातोय म्हणून मी पान्याला जोर दिला आणि हेडचे आटे खाऊन टाकले. हेड ॲल्युमिनियमचे, प्लग लोखंडी. दोघांच्या झटापटीत मऊ असेल तो हरणारच.

नेमके त्याच रात्री आईच्या छातीत दुखू लागले. गाडी दारात, पण निरुपयोगी. शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या जीपमधून तालुक्याला गेलो. देवदयेने आई सावरली. घरी आल्यावर सारे ऐकून म्हणाली, "अरे, बरणीचं झाकण तिरकं लागलं तर आपण काढून परत लावतो. जोर कशाला करायचा?" मला जे कळायला हेड उतरवावे लागले, ते तिने एका वाक्यात सांगितले.

तेव्हा पहिल्यांदाच प्लग बदलणाऱ्याने काय करावे, ते क्रमाने सांगतो.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सकाळची वेळ उत्तम. गरम हेडमधून प्लग काढताना हात भाजतो आणि आटेही बिघडतात.

२. प्लगचा नंबर गाडीच्या पुस्तिकेत पाहून तोच आणा. "सगळे सारखेच" असे दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. लांबी चुकली तर प्लग आत पिस्टनला लागू शकतो. प्लगपाना आतून रबर असलेला घ्या. काही प्लगांना १६ मिमीचा लागतो, काही जुन्यांना २१ चा.

३. एका वेळी एकच वायर काढा, म्हणजे अदलाबदल होणार नाही. वायर ओढू नका, टोपी धरून हलवत काढा. नव्या गाड्यांत वायरीऐवजी प्रत्येक प्लगवर कॉईल असते. तिथे आधी चावी बंद करून जोड सोडवा, मग तिचा बोल्ट काढा.

४. प्लग सैल करण्याआधी भोवतीची धूळ सायकलच्या पंपाने उडवा. ऊसवाहतुकीच्या रस्त्यांवरची माती सिलिंडरमध्ये गेली तर इंजिन झिजते.

५. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी असतो, तरी पुस्तिकेतला आकडाच खरा. फिलर गेजने मोजा आणि फक्त बाहेरची दांडी हलक्या हाताने वाकवा. इरिडियमच्या प्लगचा गॅप मात्र छेडू नका, त्याचे टोक फार नाजूक असते.

६. आता मुख्य काम. प्लगच्या डोक्यावर वीतभर रबरी नळी बसवा आणि प्लग भोकात सोडा. आधी थोडा उलटा फिरवा. आटा आट्यावर आला की 'टक्' असे हाताला कळते. मग सुलटा फिरवा. तिरपा गेला तर नळी प्लगवर नुसतीच फिरेल, म्हणजे काढा आणि पुन्हा लावा. वॉशर टेकेपर्यंत पान्याला हात लावू नका. त्यानंतर नव्या वॉशरच्या प्लगला साधारण अर्धा फेरा पुरतो. खोक्यावर वेगळे लिहिले असेल तर ते पाळा.

काढलेले प्लग लगेच फेकू नका. ओळीने मांडून रंग पाहा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातेय, आधी एअर फिल्टर पाहा. ओले, तेलकट काळे असेल तर तेल वर येतेय, रिंगा तपासाव्या लागतील. पांढरा पडून फोड आलेला प्लग इंजिन तापत असल्याचे किंवा चुकीच्या नंबरचे लक्षण. उसाच्या पानाचा रंग पाहून खताची उणीव ओळखणाऱ्याला हे काय जड जाणार?

प्लग सुरुवातीलाच जाम असेल, तर मात्र हट्ट न करता फिटरला बोलवा. त्याची मजुरी हेडच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडते.

हंगाम संपला की कारखाना मिल उघडून दुरुस्त करतो, गाळप सुरू असताना नव्हे. आपणही निवांत दिवस पाहून हे काम करावे. अडीनडीला, रात्री-अपरात्री गाडी एका चावीत सुरू झाली पाहिजे. त्यासाठीच तर ती दारात आहे.