न शिजवता गोड-खारट: चक्का, चीज आणि फळांचं डिप

मागच्या व्याख्यानात आपण विरजणाबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की दह्यापासून पुढे गॅस न पेटवता काय काय करता येतं. म्हणून आज एकच साधा पदार्थ घेतलाय. फळं, चक्का आणि थोडं चीज यांचं गोड-खारट डिप, म्हणजे बुडवून खायचं जाडसर मिश्रण. करायला १५ मिनिटं लागतात. पण ते बिघडतं कसं, हे समजून घ्यायला मात्र आजचा तास लागेल.

सुरुवात आमच्या फजितीपासूनच करतो. एका संक्रांतीला आमच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवाला ४० माणसांसाठी हे डिप करायचं आम्ही अंगावर घेतलं. ५ लिटर दुधाचं दही लावलं, रात्रभर टांगून चक्का काढला, त्यात ताज्या अननसाचे बारीक तुकडे मिसळले आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चव बघितली तर कडू! साधं कडवट नाही, कारल्याची आठवण यावी इतकं कडू, आणि वर पाणी सुटलेलं. सगळं टाकावं लागलं. दूध चांगलं होतं, भांडी स्वच्छ होती, अननस गोड होता. मग चुकलं कुठे? आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

गोड आणि खारट एकत्र का चालतं

हा प्रकार परदेशी वाटतो, पण आपल्याला तो नवा नाही. पेरूवर तिखट-मीठ, कैरीला मीठ, आमटीत चिंच-गूळ, डाळिंबाच्या कोशिंबिरीत दही आणि चिमूटभर साखर. हे सगळं आपण लहानपणापासून खातो. त्यामागचं कारण मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मीठ फक्त खारटपणा आणत नाही, ते कडवटपणा दाबतं. १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात यावर एक प्रयोग छापून आला होता. कडू आणि गोड पदार्थांच्या मिश्रणात सोडियमचा क्षार घातल्यावर कडूपणा कमी जाणवला आणि त्यामुळे गोडी जास्त वर आली. पेरूच्या सालीत, द्राक्षाच्या सालीत, अक्रोडाच्या पापुद्र्यात थोडा तुरट-कडू भाग असतोच. मीठ लागलं की तो मागे जातो आणि फळ आहे त्यापेक्षा गोड वाटतं. म्हणून या डिपमध्ये साखर वाढवण्याआधी चिमूटभर मीठ घालून बघा. पुष्कळदा साखर लागतच नाही.

दुसरी गोष्ट स्निग्धतेची. फळांचे आणि पुदिन्याचे कितीतरी सुगंध तुपा-तेलात सहज विरघळतात. चक्का आणि चीज यांच्यातली स्निग्धता तो सुगंध धरून ठेवते आणि तोंडात हळूहळू सोडते. बिनसायीच्या दुधाच्या चक्क्याचं डिप फिकं लागतं ते यामुळेच.

चक्काच का, पनीर का नाही

दुधाचा सामू साधारण ६.६ असतो. विरजणातले जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि सामू ४.६ च्या आसपास आला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून नाजूक जाळं बनवतं. त्या जाळ्यात पाणी अडकलेलं असतं. कापडात टांगून पाणी काढलं की उरतो तो चक्का. अरबी मुलखातलं लबने आणि जर्मनीतलं क्वार्क हे त्याचे सख्खे-चुलत भाऊ. म्हणजे आपल्या घरात ताजं चीज कधीचंच आहे, आपण त्याला चीज म्हणत नाही एवढंच.

पनीरचं तसं नाही. तिथे तापलेल्या दुधात आम्ल घालतात. प्रथिनं घट्ट आवळली जातात आणि मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी रवाळपणा राहतो. डिपला मऊपणा हवा, म्हणून चक्का.

पण चक्काही मिक्सरमध्ये टाकू नका. ते नाजूक जाळं पात्यांनी तुटतं आणि मिश्रण सैल होतं. श्रीखंड करताना चक्का पुरणयंत्रातून किंवा चाळणीवर घासून काढतात, ती पद्धत अगदी बरोबर आहे. गुठळ्या मोडतात आणि घट्टपणा बराचसा टिकतो.

दुकानात चौकोनी क्यूबमध्ये मिळतं ते प्रोसेस्ड चीज थंड मिश्रणात विरघळत नाही. त्यामुळे ते किसणीच्या बारीक बाजूने किसायचं. इथे त्याचं काम खारटपणा आणि मुरलेली चव आणणं, घट्टपणा आणणं नव्हे.

अननसाचा गुन्हा

आता आमच्या कडू डिपकडे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. त्याचं काम प्रथिनं तोडणं. ते केसीन तोडत जातं आणि त्यातून जे लहान तुकडे निघतात त्यांतले काही चवीला कडू असतात. जाळंच तुटल्यामुळे अडकलेलं पाणीही सुटतं. म्हणजे आमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं. फ्रीजच्या थंडीत विकराचं काम मंदावतं, थांबत नाही. आम्ही तर त्याला रात्रभर वेळ दिला!

किवीमध्ये ॲक्टिनिडिन आणि पपईच्या चिकात पपेन, ही त्याच जातीची विकरं. पिकल्या पपईत ते बरंच कमी असतं, पण कच्चट पपई घेऊ नका. अंजिराच्या चिकातही असं विकर असतं, त्याचं नाव फिसिन. प्राचीन ग्रीसमध्ये अंजिराच्या चिकाने दूध फाडत असत. म्हणून पुरंदरची अंजिरं घेतलीत तर पूर्ण पिकलेली घ्या आणि देठाकडचा चिकाळ भाग कापून टाका.

यावर उपाय दोन. एक, ताजा अननस किंवा किवी डिपमध्ये न मिसळता बाजूला तुकडे ठेवा, खाताना बुडवा. दोन मिनिटांत काही बिघडत नाही. दुसरा, डबाबंद अननस वापरा. तो डब्यात तापवलेला असतो, त्यामुळे विकर निकामी झालेलं असतं. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, डाळिंब, सफरचंद आणि पेरू यांचा हा त्रास नाही.

पाणी सुटणं

श्रीखंडात साखर घातली की चक्का सैल होतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. इथेही तेच. मीठ आणि साखर फळाच्या कापलेल्या भागातून पाणी ओढून घेतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. चक्का, चीज, मीठ आणि मसाला आधी एकत्र करून ठेवायचं, अगदी आदल्या दिवशीही चालेल. फळं धुऊन, कोरडी करून, चिरून, वाढण्याआधी अर्ध्या तासाच्या आत मिसळायची. डाळिंबाचे दाणे अख्खे राहतात, त्यांना पाणी कमी सुटतं. सफरचंद आणि पेरू काळे पडतात, त्यांना चिरल्याबरोबर लिंबाचा रस चोळा.

आता कृती

सात-आठ जणांसाठी. १ किलो घट्ट दही मलमलच्या कापडात ६ ते ८ तास टांगा. साधारण ४०० ग्रॅम चक्का मिळेल. म्हशीच्या दुधाचं दही असेल तर थोडा जास्तच. उन्हाळ्यात बाहेर टांगू नका, आंबट होईल. चाळणीत कापड पसरून, खाली पातेलं ठेवून, सगळं फ्रीजमध्ये ठेवा. चक्क्याचं पाणी फेकू नका, कणीक भिजवायला किंवा कढीत वापरा.

चक्का चाळणीवर घासून घ्या. त्यात ५० ग्रॅम किसलेलं चीज, पाव चहाचा चमचा मीठ, २ चहाचे चमचे मध किंवा काकवी, भरडलेली मिरी, एक बिया काढलेली हिरवी मिरची आणि मूठभर पुदिना बारीक चिरून घाला. लिंबाची वरची पिवळी साल किसून थोडी घाला, वास सुंदर येतो. झाकून फ्रीजमध्ये ठेवा. ऐन वेळी २०० ग्रॅम फळं मिसळा. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकची द्राक्षं, एरवी डाळिंब किंवा पेरू. वरून अक्रोडाचा किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट. सोबत खाकरा, ज्वारीच्या भाकरीचे कडक तुकडे, काकडी, गाजर.

चव मात्र वाढण्याआधी १० मिनिटं बाहेर काढून मग बघा. थंडगार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. फ्रीजमधून काढल्या काढल्या चाखून मध वाढवलात तर पानात ते जास्त गोड लागेल.

न शिजवण्याची जबाबदारी

हा भाग कृपया हलक्यात घेऊ नका. शिजवताना उष्णता जंतू मारते. इथे ती पायरीच नाही. जे आत गेलं ते पानात येणार. म्हणून दही पाश्चराइझ केलेल्या किंवा नीट उकळलेल्या दुधाचंच हवं. लिस्टेरिया नावाचा जीवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतो आणि गरोदर स्त्रिया, वयस्क माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना त्याचा धोका मोठा असतो. कच्च्या दुधाचं मऊ चीज त्यांना देऊ नये. फळं कापण्याआधी धुवायची, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. कापड दर वेळी उकळून वाळवलेलं हवं. डिप बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर १ तासच. मोठ्या कार्यक्रमात एकच मोठं पातेलं मांडण्यापेक्षा लहान वाट्या भरा आणि लागेल तसं आतून आणा. आणि मध घातलेलं डिप एक वर्षाखालच्या बाळाला चाटवायचं नाही, कौतुकानेही नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*दूध आणि फळं म्हणजे विरुद्ध आहार नाही का?*
हा प्रश्न येणारच होता! आयुर्वेदात आंबट फळं दुधाबरोबर खाऊ नयेत असं सांगितलं आहे. रसायनशास्त्राच्या बाजूने इतकंच सांगता येईल की दही म्हणजे आधीच आम्लाने जमलेलं दूध. त्यात द्राक्ष पडल्याने नवीन काही फाटत नाही. पण तुमच्या वैद्यांनी तुम्हाला पथ्य सांगितलं असेल तर ते पाळा, आमच्या डिपसाठी मोडू नका.

*विकतचं क्रीम चीज चालेल का?*
चालेल. त्यात स्निग्धता जास्त आणि आंबटपणा कमी असतो. त्यामुळे लिंबू थोडं वाढवा, आणि फ्रीजबाहेर थोडा वेळ ठेवून मऊ करा. मीठ आधी चाखून मगच घाला.

*मधुमेह असलेल्यांनी काय करावं?*
मध-काकवी पूर्ण गाळा, पेरू घ्या, मीठ-मिरी-पुदिन्यावर भर द्या. फळांची साखर उरतेच, तेव्हा किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

*तुम्ही पुन्हा हळदीकुंकवाला केलंत का?*
केलं, पुढच्याच संक्रांतीला. डाळिंब आणि स्ट्रॉबेरी घालून, लहान वाट्यांत. अननस बाजूच्या ताटलीत ठेवला होता. त्या दिवशी काही टाकावं लागलं नाही, आणि शेजारच्या काकूंनी चक्क्याचं पाणीसुद्धा कढीसाठी मागून नेलं.