सेकंद आणि सेकंड : एका शब्दाची दोन रूपे

मराठी माणूस ‘सेकंद’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात घड्याळ असते. तोच ‘सेकंड’ म्हणतो तेव्हा गाडीचा गिअर, कारखान्यातली पाळी किंवा कुणी वापरून विकलेली सायकल डोळ्यांपुढे येते. एका अक्षराच्या फरकाने आपण दोन वेगळे शब्द करून टाकले आहेत. इंग्रजीत मात्र शब्द एकच आहे. उज्जैनमधल्या मराठी मुलांची गंमत आणखी वेगळी. ती हिंदीच्या वहीत घड्याळासाठीही ‘सेकंड’ लिहितात आणि घरी आजी ‘सेकंद’ म्हणते.

अशा मुलांना मी इंग्रजी शिकवतो. वर्गात एक प्रश्न अधूनमधून येतोच : सेकंड म्हणजे जर दुसरा, तर घड्याळातला हा ‘दुसरा’ कुणाचा दुसरा? मग पहिला कोणता? ‘शब्द तसाच आहे, पाठ करा’ एवढे सांगून हा प्रश्न मिटवता येतो, पण त्याचे उत्तर सोपे आहे, आणि ते समजायला मराठीचीच मदत होते.

लॅटिनमधल्या ‘सेकुंडुस’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘मागोमाग येणारा’. पहिल्यामागून येतो तो दुसरा. ‘सीक्वेन्स’ आणि ‘सीक्वेल’ हे शब्दही याच कुळातले. युरोपातील ज्योतिर्विदांनी अंशाचे ६० भाग केले, तेव्हा त्या प्रत्येकाला लॅटिनमध्ये ‘पहिला बारीक भाग’ म्हटले. त्या भागाचे पुन्हा ६० भाग केल्यावर मिळाला तो ‘दुसरा बारीक भाग’. ‘बारीक’ या अर्थाच्या ‘मिनूटा’ शब्दावरून ‘मिनिट’ आले आणि ‘दुसरा’ या अर्थाच्या ‘सेकुंडा’वरून ‘सेकंड’. पुढे हीच नावे तासाच्या भागांनाही लागली. म्हणजे घड्याळातला सेकंद हा दुसऱ्या वेळच्या विभागणीतून आलेला भाग आहे. त्याच्या आधीचा पहिला म्हणजे मिनिट. इंग्रजीत ‘मिनिट’चीच अक्षरे ‘माय-न्यूट’ अशी उच्चारली की ‘अतिसूक्ष्म’ असा अर्थ होतो, त्याचेही मूळ हेच.

आता आपल्याकडे पाहू. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळे, पळाची ६० विपळे. कला–विकला आणि पळ–विपळ या जोड्या मुलांसमोर ठेवल्या की ‘वि’ हा उपसर्ग कोणते काम करतो ते त्यांना लगेच दिसते. तो एक पायरी खाली उतरल्याची खूण आहे. ‘सेकंड’ या शब्दानेही घड्याळात तेच काम केले. फरक इतकाच की इंग्रजीने ‘बारीक भाग’ हे शब्द गाळले आणि नुसता ‘दुसरा’ उरला.

हिशेब फळ्यावर मांडता येतो. घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ सेकंदाच्या दोन पंचमांश. दिवसाचे सेकंद ८६,४००, तर विपळे २,१६,०००. ‘पळभर थांब’ म्हणणारा माणूस खरे तर जवळजवळ अर्धे मिनिट मागत असतो, हे कळल्यावर मुले हसतात आणि शब्द लक्षात राहतो.

हे शिकवायला उज्जैनसारखे गाव नाही. भारतीय ज्योतिषाने मध्यरेषा मानली ती या नगरीवरून जाणारी. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात येथे वेधशाळा उभारली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तिचे अधीक्षकपद सांभाळले. तेथील सम्राट यंत्रावर सावली उज्जैनची स्थानिक वेळ दाखवते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि उज्जैन त्याच्या पश्चिमेला. त्यामुळे दोन्हींत सरासरी सुमारे २७ मिनिटांचा फरक पडतो आणि तो तारखेनुसार कमीजास्त होतो. अंश आणि मिनिट यांचे नाते मुलांना तिथे उन्हात उभे राहून पाहता येते.

अर्थ कळला, आता वापर. इथे अडचण ‘दुसरा’ या मराठी शब्दामुळे येते, कारण तो दोन कामे करतो. ‘दुसरा दिवस’मध्ये तो क्रम सांगतो, ‘दुसऱ्याची निंदा’मध्ये परका माणूस. ‘मला दुसरे पेन दे’ याचे भाषांतर मुले ‘गिव्ह मी सेकंड पेन’ असे करतात. या एका मराठी वाक्याची इंग्रजीत तीन वाक्ये होऊ शकतात. हे पेन चालत नाही, कोणतेही वेगळे दे, असे म्हणायचे असेल तर ‘अनदर पेन’. दोनच पेने आहेत आणि त्यांतले उरलेले हवे असेल तर ‘दि अदर पेन’. ओळीत मांडलेल्या पेनांपैकी क्रमांक दोनचे हवे असेल, तरच ‘द सेकंड पेन’.

मुलांची ही चूक अडाणीपणाची नाही. फ्रेंचमार्गे ‘सेकंड’ येण्यापूर्वी इंग्रजीतही क्रमाने दुसरा असे सांगायला ‘अदर’ हाच शब्द वापरत. म्हणजे आपल्या ‘दुसरा’सारखा तोही दोन्ही कामे करी. त्या जुन्या अर्थाची खूण ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे ‘दिवसाआड’ या प्रयोगात आजही उरली आहे. त्यामुळे ‘एव्हरी सेकंड डे’ म्हटले तरी अर्थ तोच.

‘सेकंड’च्या आधी काय येते तेही पाहावे लागते. ‘द सेकंड चान्स’ म्हणजे क्रमाने दुसरी संधी, ‘अ सेकंड चान्स’ म्हणजे पुन्हा एकदा मिळालेली संधी. शर्यतीत ‘शी केम सेकंड’ म्हणताना आधी काहीच लागत नाही. ‘सेकंड टू नन’ म्हणजे कुणाच्याही मागे नसलेला. सभेत ठरावाला ‘सेकंड’ करणे म्हणजे अनुमोदन देणे, कारण सूचकाच्या मागोमाग अनुमोदक उभा राहतो. जेवताना ‘सेकंड्स’ म्हणजे पुन्हा वाढून घेतलेले. ब्रिटिश इंग्रजीत हाच शब्द ‘सि-कॉन्ड’ असा, शेवटावर जोर देऊन उच्चारला की अर्थ होतो प्रतिनियुक्तीवर पाठवणे. ‘सेकंड हँड’ घड्याळात सेकंदकाटा असतो, बाजारात वापरलेली वस्तू आणि बातमीत ऐकीव माहिती. यांतले बहुतेक अर्थ ‘मागोमाग येणारा’ या एका धाग्यात ओवता येतात. घड्याळातला अर्थ विभागणीच्या क्रमाने त्याच धाग्यात येतो.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण आहे. आमच्याकडच्या अनेक मराठी घरांत मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून आधी मराठी बंद केली जाते. शाळेत हिंदी, शिकवणीत इंग्रजी, मग मराठीचे ओझे कशाला, असे पालक मला विचारतात. पण ज्या मुलाला पळ आणि विपळ माहीत आहे, त्याला घड्याळातला सेकंद ‘दुसरा’ का ते एका वाक्यात समजते. ज्याच्या कानावर ‘दुसरा’ शब्दाचे दोन्ही अर्थ पडले आहेत, त्याला ‘अदर’ आणि ‘सेकंड’ यांतला भेद उदाहरणांनी दाखवता येतो. मराठी काढून घेतली की उरते फक्त पाठांतर.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी प्रतिशब्द लिहून देण्याऐवजी तीन वाक्ये द्यावीत आणि त्या शब्दाचे मराठीत काय होते ते मुलांनाच शोधू द्यावे. ‘वेट अ सेकंड’, ‘द सेकंड बेंच’ आणि ‘आय सेकंड द मोशन’ एवढी वाक्ये सुरुवातीला पुरतात. उत्तरे वेगवेगळी येतील. ती सगळी फळ्यावर लिहावीत आणि मग विचारावे : यांत कोण कुणाच्या मागोमाग येते आहे?