‘ब्रदर’ होण्याचा अभ्यासक्रम

दिवसा कचेरीत खतावण्या लिहायच्या आणि संध्याकाळी वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या वर्गात हिशेबशास्त्र शिकायचं, असा १९०४ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या कित्येक तरुणांचा दिनक्रम होता. सनदी हिशेबनीसांसाठी न्यूयॉर्क राज्याने १८९६ मध्ये कायदा केला होता, अमेरिकेतला तसा पहिलाच. त्यानंतर चार वर्षांनी न्यूयॉर्क विद्यापीठाने ‘स्कूल ऑफ कॉमर्स, अकाउंट्स अँड फायनान्स’ सुरू केलं. तिथल्या वर्गात ब्रुकलिनला राहणारे चौघे होते: जॉर्ज बर्गन, हॉवर्ड जेफरसन, नेथन लेन आणि फ्रेडरिक लीच. वर्ग सुटला की हे चौघे ब्रुकलिन ब्रिजवरून गप्पा मारत घरी चालत जायचे. त्या गप्पांतून ‘अल्फा काप्पा साय’ ही व्यापारविद्येच्या विद्यार्थ्यांची फ्रॅटर्निटी निघाली. ५ ऑक्टोबर १९०४ हा तिचा स्थापनादिन. पुढे तीनच वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०७ रोजी, त्याच शाळेतल्या दुसऱ्या चौघांनी ‘डेल्टा सिग्मा पाय’ काढली. आजवर या दोन्ही संस्थांनी प्रत्येकी दोन लाखांहून अधिक सभासद करून घेतले आहेत.

अमेरिकी कॉलेजातली फ्रॅटर्निटी म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला हॉलिवूडचे सिनेमे आठवतात. मोठा बंगला, बियरची पिंपं आणि दारावर तीन ग्रीक अक्षरं. व्यावसायिक फ्रॅटर्निटीची अक्षरंही ग्रीकच असतात, पण बऱ्याच शाखांना स्वतःचा बंगला नसतो आणि सभासदांना जोडणारा धागा असतो तो अभ्यासविषयाचा. रसायनशास्त्राची ‘अल्फा काय सिग्मा’ १९०२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात निघाली. तिच्या शाखाप्रमुखाला आजही ‘मास्टर अल्केमिस्ट’ म्हणतात आणि तिचे रंग आहेत प्रशियन निळा आणि क्रोम पिवळा, म्हणजे थेट प्रयोगशाळेच्या कपाटातले. अभियंत्यांची ‘थीटा टाउ’ १९०४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जन्मली. तिचं पहिलं नाव होतं ‘सोसायटी ऑफ हॅमर अँड टाँग्स’. हातोडा आणि सांडशी तिच्या चिन्हात अजून आहेत.

या संस्थांमध्ये मुली आल्या त्या मात्र कायद्याचा हात धरून. जून १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ संमत झालं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करायचा नाही, हे त्याचं सार. १९७४ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन सामाजिक फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या सोरोरिटींना सभासदत्वापुरती सूट मिळाली. व्यावसायिक फ्रॅटर्निटींना ती मिळाली नाही, आणि ते तर्कशुद्धच होतं. धंद्यातल्या ओळखी आणि नोकरीच्या वाटा जिथे खुल्या होतात, तिथलं दार मुलींना बंद ठेवणं म्हणजे बाजारातच मज्जाव करणं. डेल्टा सिग्मा पायने १९७५ मध्ये मुलींना प्रवेश दिला, अल्फा काप्पा सायने १९७६ मध्ये. रसायनवाले शहाणे, त्यांनी कायद्याची वाट न पाहता १९७० मध्येच दार उघडलं होतं. जुनी संबोधनं मात्र कोणी बदलली नाहीत. डेल्टा सिग्मा पायमध्ये मुलगीसुद्धा ‘ब्रदर’च असते, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

ब्रदर होण्याची सुरुवात ‘रश’पासून होते. सत्राच्या आरंभी दोन-चार संध्याकाळी ही भरती चालते. पहिल्या दिवशी ओळखीचा कार्यक्रम असतो. पुढे कुठे गटाने सोडवायचा धंद्यातला एखादा पेच, कुठे गप्पागोष्टी, आणि शेवटी सूट-बूट घालून मुलाखत. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं शर्टावर नावाची चिठ्ठी चिकटवून, हातात रेझ्युमेची फाइल धरून उभी असतात आणि त्यांच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी मुलं त्यांना ‘तुझ्या नेतृत्वगुणांचं एक उदाहरण सांग’ असं अगदी गंभीर चेहऱ्याने विचारतात. नंतर दारं लावून सभासदांची खल करायची बैठक बसते. पडद्यावर एकेका उमेदवाराचा फोटो येतो, कोण काय बोललं ते आठवलं जातं, मतं पडतात. ही बैठक पहाटेपर्यंतही लांबते. निवडलेल्यांना ‘बिड’ म्हणजे रीतसर आमंत्रण मिळतं.

खरी शिकवणी त्यानंतर. तिची जबाबदारी शाखेतल्या एका विद्यार्थी पदाधिकाऱ्यावर असते. पूर्वी त्याला ‘प्लेज एज्युकेटर’ म्हणत, आता बऱ्याच ठिकाणी ‘न्यू मेंबर एज्युकेटर’ म्हणतात. दर आठवड्याला वर्ग भरतो. संस्थापकांची नावं, स्थापनेची तारीख, ग्रीक वर्णमाला आणि संस्थेचं उद्दिष्ट तोंडपाठ करायचं. डेल्टा सिग्मा पायचं उद्दिष्ट एकाच लांबलचक वाक्यात आहे. विद्यापीठात व्यापारविद्येच्या अभ्यासाला उत्तेजन, विद्यार्थी आणि धंद्याचं जग यांच्यात जवळीक, व्यापारातली नीती, समाजाचं हित, असं सगळं त्यात कोंबलेलं. ते न अडखळता म्हणताना नव्या पोरांची दमछाक होते. शाळेत प्रतिज्ञा म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे दृश्य परकं वाटू नये, फक्त इथे चुकलं तर सगळ्यांसमोर परत म्हणावं लागतं.

पाठांतर हा शिकवणीचा सगळ्यात कमी कामाचा भाग. त्यापेक्षा जास्त उपयोगाचं म्हणजे सभा चालवणं. ठराव कसा मांडायचा, अनुमोदन कोणी द्यायचं, दुरुस्ती आधी मताला टाकायची की मूळ ठराव, हे सगळं ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ या पुस्तकाच्या आधाराने चालतं. हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी इंजिनियरने ते १८७६ मध्ये लिहिलं. नव्या तुकडीला आपला अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडावा लागतो, इतिवृत्त लिहावं लागतं, एखादा उपक्रम पार पाडून पैशाचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे हे काम सोसायटीच्या वार्षिक सभेत, तेही भांडता भांडता, शिकायला मिळतं. इथे ते विशीच्या आत अंगवळणी पडतं.

दुसरी गोष्ट भेटींची. अनेक शाखांत नव्या सभासदाने जुन्या प्रत्येकाला एकेकटं गाठून कॉफीवर बोलायचं असतं. लाजाळू मुलाला पहिल्या पाच-सहा भेटी जड जातात. विसावी येईपर्यंत त्याला अनोळखी माणसाशी बोलणं कसं सुरू करायचं आणि कधी आवरायचं हे कळलेलं असतं. उन्हाळी इंटर्नशिपसाठी बँकेत किंवा सल्लागार कंपनीत काम करणाऱ्या माजी सभासदाला फोन करायची वेळ येते तेव्हा हाच सराव उपयोगी पडतो. शिवाय प्रत्येकाला एक ‘बिग’ मिळतो, म्हणजे थोरला भाऊ किंवा ताई. ‘बिग’चा ‘बिग’, त्याच्याही वरचा, अशी वंशावळ तयार होते आणि मुलं ती कुलवृत्तान्ताच्या अभिमानाने सांगतात. शेवटी दीक्षाविधी. तो गुप्त असतो, बाहेर सांगायचा नसतो.

ज्या घरात आधी कोणी वॉल स्ट्रीट पाहिली नाही, त्या घरातल्या मुलीला हे सगळं सोन्याच्या मोलाचं आहे. भारतातून शिकायला गेलेल्यांना तर जास्तच, कारण पदवीनंतर तिथे जास्त काळ राहायचं तर व्हिसासाठी पाठीशी उभा राहणारा मालक शोधावा लागतो. पण इथेच या संस्थेची गोम आहे. मुलाखतीत चटपटीत बोलणारी, सूट अंगावर शोभणारी मुलं आधीच निवडली जातात आणि मग त्यांना चटपटीत बोलायला शिकवलं जातं. ज्याला त्या शिकवणीची खरी गरज, तो पहिल्याच संध्याकाळी गळण्याची शक्यता मोठी.

दुसरी गोम जुनी आणि जास्त गंभीर. मेन विद्यापीठातल्या एलिझाबेथ ॲलन आणि मेरी मॅडन यांनी ५३ शिक्षणसंस्थांतल्या ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून २००८ मध्ये अहवाल दिला. क्लब, संघ, संघटना यांत असलेल्या ५५ टक्के विद्यार्थ्यांच्या वाट्याला ‘हेझिंग’, म्हणजे आपल्याकडचं रॅगिंग, आलं होतं. यातली बहुतेक मुलं मात्र ‘आमच्यावर हेझिंग झालं’ असं म्हणायला तयार नव्हती. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला तेव्हा आपल्याकडेही ‘आम्हीसुद्धा सोसलंय’ म्हणणारे कमी नव्हते.

व्यावसायिक संस्था सभ्य, त्यामुळे त्या यातून सुटल्या, असं समजायचं कारण नाही. एप्रिल २०१८ मध्ये सिराक्यूज विद्यापीठातल्या थीटा टाउ शाखेचे व्हिडिओ बाहेर आले. नव्या सभासदांनी जुन्यांची टर उडवण्यासाठी नाटुकली करायची, अशी त्या शाखेत प्रथा होती. व्हिडिओत वंशद्वेषी, ज्यूद्वेषी आणि स्त्रियांविषयी हीन भाषा होती. शाखेने ते उपहासात्मक प्रहसन असल्याचं सांगत माफी मागितली. विद्यापीठाने काही दिवसांतच शाखा कायमची हद्दपार केली. इथे कोणाला मारलं नव्हतं की दारू पाजली नव्हती. ‘आपल्यातला’ ठरण्यासाठी नवखा किती खाली उतरायला तयार होतो, एवढंच त्या व्हिडिओत दिसलं, आणि शिकवणी देणाऱ्यांना ते थांबवावंसं वाटलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट’ झाला. हेझिंगच्या घटनांची आकडेवारी कॉलेजांना आता वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावी लागते आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावंही जाहीर करावी लागतात. ती संघटना सामाजिक की व्यावसायिक, असा फरक त्यात नाही. न्यू मेंबर एज्युकेटर झालेल्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला त्यामुळे आता संस्थापकांच्या नावांबरोबर कायद्याची व्याख्याही शिकवावी लागते. रात्री किती वाजेपर्यंत कोणाला थांबवायचं आणि परीक्षेच्या आठवड्यात वर्ग घ्यायचा की नाही, हेही त्यालाच ठरवायचं असतं. अनेक विद्यापीठांत हे वेळापत्रक आधी कागदावर सादर करावं लागतं.