खलाशांचं घर, आमदारांचं सभागृह, पोलिसांचं मुख्यालय

माहूरकडचा माणूस मुंबईला निघाला की किनवटला नंदीग्राम एक्सप्रेस धरतो आणि सीएसएमटीला उतरतो. हे स्टेशन ज्या फ्रेडरिक स्टीव्हन्सने रचलं, त्याचीच आधीची एक इमारत तिथून पायी अर्ध्या तासाच्या आत आहे. रीगल सिनेमाजवळची ही दगडी वास्तू म्हणजे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय. सीएसएमटीइतकी ती नटलेली नाही, आणि माझ्या मते म्हणूनच जास्त शोभते. दर्शनी त्रिकोणात समुद्रदेव नेपच्यून, सोबत जलपऱ्या आणि समुद्री घोडे. पोलिसांच्या दारावर या मंडळींचं काय काम?

तर हे मुळात खलाशांचं घर. ड्यूक ऑफ एडिंबरो 1870 साली मुंबईत आला, त्याच्या हस्ते पायाभरणी झाली. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दोन लाख रुपये दिले. 1876 मध्ये ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ उभं राहिलं. 20 अधिकारी आणि 58 खलाशी राहतील एवढी सोय होती. 1928 मध्ये सरकारने ते कायदेमंडळासाठी घेतलं आणि लोक त्याला कौन्सिल हॉल म्हणू लागले.

21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा याच कौन्सिल हॉलवर निघाला होता. पोलिसांनी तो फ्लोरा फाउंटनला अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. तोच आताचा हुतात्मा चौक; आज स्टेशनवरून मुख्यालयाकडे जाताना तो ओलांडावा लागतो. माहूर तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपल्या भागाचे आमदार या सभागृहात जाऊन बसले. नांदेडचे शंकरराव चव्हाण 1975 मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हाही विधिमंडळ इथेच होतं. ज्यांच्या रोजगार हमीने 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याच्या हाताला काम दिलं, ते वि. स. पागेही इथेच अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते.

1981 साली विधिमंडळ नरिमन पॉइंटच्या नव्या विधानभवनात गेलं. पुढच्या वर्षी इथे पोलीस आले. आता राज्याचे पोलीस महासंचालक इथे बसतात. नवरात्रात रेणुकामातेच्या गडावर बंदोबस्ताला उभा राहणारा माहूर ठाण्याचा शिपाई, नांदेडचे अधीक्षक, परिक्षेत्राचे महानिरीक्षक, अशी चढत जाणारी साखळी याच दारापाशी संपते. कामाशिवाय आत सोडत नाहीत. नेपच्यून रस्त्यावरून दिसतो, पण मान चांगलीच वर करावी लागते.