कोंबडीचा रस्सा : घरीं आणि प्रवासांत

वऱ्हाडांतील मांसाहारी घरांत पाहुण्याविषयींचा आदर बहुधा चुलीवर चढलेल्या पातेल्यावरून ओळखतां येतो. जांवई आला, नोकरीनिमित्त दूर गेलेला मुलगा सुटींत परतला, किंवा शेतांतील सुगी आटोपली, कीं कोंबडीचा रस्सा व ज्वारीची भाकरी हा बेत ठरलेलाच. परंतु हाच पदार्थ एका घरीं जिभेवर विरघळतो, दुसऱ्या घरीं चोथ्यासारखा लागतो, आणि एखाद्या वेळीं प्रवासांत संबंध कुटुंबास अंथरुणास खिळवितो. मसाला तोच, करणारा हातही तोच; मग हा फरक कां पडावा? त्याचें कारण बहुतांशीं काळाच्या हिशेबांत सांपडतें. पक्ष्याचें वय किती होतें, तो विस्तवावर किती वेळ राहिला, आणि विस्तवावरून उतरल्यापासून तोंडांत पडेपर्यंत किती वेळ गेला, हे तीन प्रश्न ज्या गृहिणीनें स्वतःशीं विचारले, तिचा रस्सा सहसा फसत नाहीं.

माणसाळलेल्या कोंबडीचें मूळ आशियांतील तांबड्या रानकोंबड्यांत आहे. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असें दिसतें कीं, सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं आग्नेय आशियांत भातशेती वाढली, तेव्हां सांडलेल्या धान्याच्या लोभानें हा पक्षी मनुष्यवस्तीजवळ आला. पुढें तो जगभर पसरला, त्यास त्याचें लहान शरीरही कारण झालें असावें. बकरा कापला तर त्याचें मांस एका घरास एका दिवसांत संपत नाहीं. शेजारीपाजारीं वांटे घालावे लागतात. कोंबडी मात्र एका कुटुंबाच्या एका जेवणापुरती असते. बर्फ व फ्रीज यांचा जेव्हां पत्ता नव्हता, तेव्हां उष्ण देशांत मांस ताजें ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पक्षी जिवंत ठेवणें हाच होता.

ब्रिटिश अमदानींतील डाकबंगल्यांचा सारा पाकविचार याच तत्त्वावर उभा होता. दूरवर धूळ उडतांना दिसली, प्रवासी येत आहे असें कळलें, कीं खानसामा आवारांतील कोंबडीमागें धांवे. आणि साहेब हातपाय धुऊन बसतो न बसतो तोंच ती ताटांत येई. १८८६ सालीं निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशांत या पदार्थाचें ‘आकस्मिक मृत्यु’ अशा अर्थाचें विनोदी नांव नोंदलेलें आहे. ती कोंबडी अनेकदां चामड्यासारखी वातड लागे, अशी प्रवाशांची तक्रार असे. मात्र ती शिळी नसे. खानसाम्यानें तिसरा प्रश्न अचूक सोडविला होता. दुसऱ्यास त्याच्यापाशीं वेळ नव्हता, एवढेंच.

वाशीम जिल्हा हाही वाटसरूंच्या परिचयाचा आहे. प्राचीन वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. १९०५ पर्यंत बासीम हा वेगळा जिल्हा होता. पुढें तो मोडला, व १९९८ च्या जुलैच्या १ तारखेस अकोल्यापासून निघून वाशीम जिल्हा पुन्हां अस्तित्वांत आला. नागपूरहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता कारंजा, शेलूबाजार व मालेगांव या गांवांवरून जातो. २०२२ च्या डिसेंबरांत नागपूर ते शिर्डी आणि २०२५ च्या जूनमध्यें थेट मुंबईच्या वेशीपर्यंत खुला झालेला ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्गही याच जिल्ह्यांतून गेला आहे. अकोला-पूर्णा हा लोहमार्ग वाशीमवरून जातो तो निराळाच. म्हणून येथें घरच्या रश्श्याबरोबर वाटेवरच्या रश्श्याचाही विचार करणें प्राप्त आहे.

प्रथम पक्ष्याच्या वयाकडे वळूं. आंगणांत किडेमुंग्या व दाणे टिपीत वाढलेली गांवरान कोंबडी एक-दीड किलोची होण्यास पांच-सहा महिने सहज घेते. बाजारांत पिंजऱ्यांतून विकली जाणारी ब्रॉयलर कोंबडी पांच-सहा आठवड्यांतच सुमारें दोन किलोंची होते. गिरिराज, वनराज या बंगळूर व हैदराबाद येथें तयार झालेल्या सुधारलेल्या जाती या दोहोंच्या मधल्या होत. आतां मांसाच्या तंतूंना बांधून ठेवणारें कोलॅजन नांवाचें एक द्रव्य असतें. पक्षी जितका वयस्क व हिंडताफिरता, तितकें हें बंधन चिवट. ओल्या आंचेवर पुष्कळ वेळ राहिल्यावरच तें विरघळतें व त्याचें जिलेटिन बनतें. गांवरान कोंबडीच्या रश्श्यास जो दाटपणा व ओठांस ओठ चिकटविणारी जी गोडी येते, ती या जिलेटिनाचीच. ब्रॉयलरच्या कोंवळ्या मांसांत असें बंधन थोडें. तें लौकर शिजतें. अधिक वेळ ठेवल्यास त्यांतील रस पिळून बाहेर पडतो आणि तंतु सुटून कोरडे होतात.

म्हणजे एकाच कृतीनें दोन्ही पक्षी शिजविणें ही मूळ चूक होय. आजीच्या हातचा रस्सा आतां साधत नाहीं, अशी जी खंत शहरांतील घरांतून ऐकूं येते, तिच्या मुळाशीं पुष्कळदां हेंच असतें. आजीची कृति गांवरान कोंबडीची होती, आणि नातसुनेच्या हातीं आली आहे ब्रॉयलर.

वऱ्हाडी वाटणाची रीत अशी. एक किलो मांसास दोन मोठे कांदे व अर्धी वाटी सुकें खोबरें निखाऱ्यावर किंवा तव्यावर चांगलें काळसर होईपर्यंत भाजावें. दोन चमचे धने, एक चमचा खसखस, थोडें दगडफूल, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा व तमालपत्र हीं वेगळीं मंद भाजावीं. दहा-बारा लसणाच्या पाकळ्या व बोटाच्या पेराएवढें आलें यांसह हें सर्व बारीक वाटावें. पाट्या-वरवंट्यावर वाटलें तर उत्तम. नाहीं तर मिक्सर आहेच. हळद व मीठ चोळून मांस अर्धा तास झांकून ठेवावें. दिवस उन्हाळ्याचे असल्यास तें फ्रीजमध्यें ठेवावें. हळदीची या भागांत वाण नाहीं. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतील वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे.

गांवरान पक्षी असेल तर वाटण तेलांत परतून त्यांतच मांस घालावें, दहा मिनिटें हलवावें, आणि मग कढत पाणी ओतून झांकण ठेवून मंद विस्तवावर दीड तासपर्यंत शिजूं द्यावें. थंड पाणी ओतल्यास उकळी मोडते व शिजण्यास उगाच वेळ लागतो. घाई असेल तर कुकरांत पहिल्या शिटीनंतर आंच बारीक करून वीस-पंचवीस मिनिटें ठेवावें. ब्रॉयलर असेल तर क्रम उलटा करावा. आधीं वाटण, तिखट व पाणी यांचा रस्साच अर्धा तास उकळूं द्यावा. तेल सुटून वर तर्री आली, कच्चा वास गेला, म्हणजे मग मांस सोडावें आणि पंचवीस-तीस मिनिटांत उतरावें. अशा रीतीनें मसाला मुरतो आणि मांसही रसाळ राहतें.

येथें दोन सूचना आवश्यक आहेत. कच्ची कोंबडी नळाखालीं खळखळून धुण्याची पद्धत सर्वत्र आहे. परंतु तिच्या अंगावरील साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे रोगजंतु पाण्यानें जात नाहींत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर व शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. त्यांचा नाश उष्णताच करते. मांसाच्या सर्वांत जाड भागांत ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोंचली म्हणजे तें खाण्यास निर्धोक झालें असें समजावें. दुसरी सूचना सुरी व पाट यांविषयीं. कच्चें मांस ज्यावर कापलें, त्यावर साबणानें धुतल्यावांचून कांदा-लिंबू चिरूं नये.

आतां प्रवास. आगगाडींत किंवा मोटारींत घरचें जेवण असावें ही इच्छा स्तुत्य आहे; पण तीपोटींच पुष्कळ अनर्थ होतात. सुकी, तेलकट व तिखट कोंबडी टिकते, असा दृढ समज आहे. मसाला वास लपवितो, आणि तेल हवेपासून थोडा आडोसा करतें; रोगजंतूंची वाढ यांपैकीं कोणीही खात्रीनें थांबवीत नाहीं. कांहीं जंतूंचीं बीजें उकळण्यानेंही मरत नाहींत. अन्न कोंबट झालें कीं तीं जागीं होतात. साधारणतः ५ ते ६० अंशांच्या दरम्यान त्यांची झपाट्यानें वाढ होते. म्हणून शिजलेलें मांस दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहूं नये, आणि हवा ३२ अंशांवर गेली असेल तर एक तासच पुरे. वाशिमास उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि बंद मोटारींत त्याहूनही अधिक. सकाळीं दहास भरलेला डबा दुपारीं दोन वाजतां उघडला, तर वासावरून त्याची परीक्षा होत नाहीं. अपायकारक अन्न पुष्कळदां चवीला उत्तमच लागतें. आणि अशा अन्नाचा जबर तडाखा मुलांना, वृद्धांना व गरोदर स्त्रियांना बसतो.

मग करावें काय? डबा न्यावयाचाच असेल तर रस्सा पसरट भांड्यांत लौकर थंड करून रात्रभर फ्रीजमध्यें ठेवावा, बर्फाच्या पेटींतून न्यावा आणि खाण्यापूर्वीं खळखळ उकळावा. दुसरा मार्ग अधिक सोपा व अधिक रुचकर आहे. धने, खसखस, सुकें खोबरें व गरम मसाला घरींच कोरडे भाजून कुटावे आणि ती पूड घट्ट झांकणाच्या डब्यांत बरोबर घ्यावी. मुक्कामाच्या गांवीं, नातलगांच्या घरीं वा शेतावर, कोंबडी ताजी घ्यावी. कांदा-लसूण कोठेंही मिळतात. घराची चव त्या पुडींत असते आणि ती अनेक दिवस बिघडत नाहीं. डाकबंगल्याच्या खानसाम्याचें शहाणपण तें हेंच. केवळ त्याची घाई टाळावयाची.

रस्त्यावरच्या ढाब्यावर जेवणें झाल्यास पाटीवरील मोठ्या अक्षरांकडे पाहण्यापेक्षां पातेल्याकडे पाहावें. जेथें गिऱ्हाइकांची वर्दळ आहे तेथें अन्न पडून राहत नाहीं. रस्सा वाफाळत यावा. कोमट आल्यास निःसंकोच परत पाठवावा. गांवरान कोंबडी मागितली आणि ती दहा मिनिटांत समोर आली, तर ती एक तर गांवरान नाहीं, किंवा सकाळची आहे, एवढें अनुमान करण्यास हरकत नाहीं. खरी गांवरान हवी असेल त्यानें तासभर आधीं सांगून ठेवावें, तोंपर्यंत हातपाय धुवावे, झाडाखालीं बसावें, आणि भुकेला थोडी वाढूं द्यावी. भाकरी तव्यावरून उतरेल तेव्हां रस्साही तयार असेल.