पाण्यात बुडणारी मरळ

मे महिन्यात जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणाचं पाणी मागे हटतं आणि काठाला चिखलाचे, गवताचे उथळ पट्टे उरतात. परभणीचं ऊन ते पाणी कोमट करून सोडतं, आणि पाणी जितकं तापेल तितका त्यातला प्राणवायू कमी होतो. अशा डबक्यात अडकलेले रोहू, कटला तोंड वर करून तडफडतात. मरळ मात्र पाणगवताच्या आडोशाला निवांत पडून असते. मधूनच वर येते, हवेचा एक घोट घेते आणि पुन्हा खाली जाते.

हा घोट तिच्या जिवाचा आहे. पूर्ण वाढलेल्या मरळीला जाळी लावून वर येऊ दिलं नाही, तर ती पाण्यातच गुदमरते. मासा असून बुडून मरते!

यामागचा हिशेब थक्क करणारा आहे. 1 लिटर हवेत सुमारे 210 मिलिलिटर प्राणवायू असतो. 30 अंश तापलेल्या 1 लिटर पाण्यात तो जेमतेम 5 ते 6 मिलिलिटर, आणि तोही पाणी स्वच्छ, खेळतं असेल तर. या टंचाईला समुद्रातल्या अल्बाकोर टुनाने, म्हणजे कोकणातल्या कुप्याच्या भाऊबंदाने, अगदी उलटं उत्तर शोधलं. तो तोंड उघडं ठेवून आयुष्यभर पोहत राहतो, कल्ल्यांवरून सतत नवं पाणी वाहावं म्हणून. थांबला की श्वास कोंडला. परभणीपासून समुद्र सुमारे 400 किलोमीटर दूर; इथल्या उन्हाळी डोहात असं धावायला जागाच नाही. मरळीने धावणं सोडलं आणि हवेकडे तोंड वळवलं.

तिच्या कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पोकळ्या असतात. त्यांच्या घड्या पडलेल्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मला सर्वांत नवल वाटतं ते या पोकळ्या रिकाम्या करण्याच्या पद्धतीचं. नवा घोट घेण्याआधी मरळ कल्ल्यांकडून पाणी उलटं आत घेते आणि त्या पाण्याने जुनी हवा बाहेर ढकलते. आपण कितीही जोरात उच्छ्वास सोडला तरी फुप्फुसात थोडी शिळी हवा राहतेच. मरळ आपली पोकळी जवळजवळ धुऊनच काढते.

त्यामुळे डबकं आटलं तरी ती ओल्या चिखलात दडून तग धरते. पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारचं पाणीही गाठते.

पट्टेरी मरळीला ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1793 साली शास्त्रीय नाव दिलं. तिची थोरली बहीण आणखी मोठी होते. तिच्या शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका असतो. दोघीही पक्क्या शिकारी. लहान मासे, बेडूक, किडे, वेळ पडल्यास स्वतःच्याच जातीची पिलंसुद्धा गिळतात. मत्स्यबीज सोडलेल्या तळ्यात मरळ शिरली की संवर्धक हैराण होतात, ते याचमुळे.

पण हीच मरळ आईबाप म्हणून विलक्षण आहे. पावसाळ्यात नर-मादी गवतात जागा साफ करतात. तेलाच्या थेंबामुळे अंडी तरंगतात आणि एक-दोन दिवसांत फुटतात. मग लालसर-नारिंगी पिलांचा थवा पाण्यावर वर-खाली होत फिरतो आणि खाली पालक राखण करत असतात. जवळ येईल त्यावर ते झेपावतात, म्हणून तेव्हा ते गळाला सहज लागतात. आणि पालक गेले की आख्खा थवा इतरांचं भक्ष्य होतो. त्या दिवसांत पिलांच्या थव्यावर गळ टाकू नये, असं मला कळकळीने वाटतं.

बाजारात मरळ घमेल्यात जिवंत विकली जाते. ती हवा घेत असल्याने थोड्या पाण्यातही टिकते. काटे कमी, मांस घट्ट, त्यामुळे भावही चढा. हैदराबादेत मृगाच्या मुहूर्तावर बथिनी कुटुंब दम्यासाठी मरळीचं जिवंत पिलू औषध भरून गिळायला देतं आणि त्यासाठी मोठी गर्दी लोटते. दमा बरा होतो याला वैद्यकीय पुरावा नाही. मलेशिया, इंडोनेशियात शस्त्रक्रियेनंतर जखम भरावी म्हणून मरळ खाऊ घालतात. तिच्या अर्काच्या कॅप्सूलही तिथे विकल्या जातात. तेलंगणाने तर तिला राज्यमासाच केलं आहे.

अमेरिकेने मात्र 2002 साली या संपूर्ण कुळातले जिवंत मासे देशात आणायला बंदी घातली. कारण तेच: कमी प्राणवायूच्या पाण्यातही ती जगते, पिलं सांभाळते आणि पसरते. तोवर ठिपकेवाली थोरली मरळ फ्लोरिडाच्या कालव्यांत पोहोचलीही होती. आता तिथले हौशी गळकरी खास तिच्यासाठी त्या कालव्यांवर जातात.