सुई जागच्या जागी, कापड मात्र नाचतंय!

ए दोस्ता, एक गंमत करू या?

वही आणि पेन्सिल घे. पेन्सिल वहीवर उभी धर. आता तुझा हात जराही हलवायचा नाही हं! शेजारी बसलेल्या मित्राला सांग, "वही तू सरकव." आणि काढा पाहू दोघं मिळून एक फूल!

वेडंवाकडं आलं? येऊ दे! पण आलं ना?

आता ऐक. एक मशीन अगदी अशाच पद्धतीने फुलं काढतं. त्याची सुई फक्त खाली-वर, खाली-वर करते. डावीकडे नाही की उजवीकडे नाही. सरकतं ते कापड! हे आहे भरतकामाचं मशीन, म्हणजे एम्ब्रॉयडरी मशीन.

आणि आज आपण त्यावर काय करणार आहोत, ओळख! रुमाल? नाही. फ्रॉकवरची वेलबुट्टी? तीही नाही. आपण करणार आहोत डबा! कापडाचा, चौकोनी, ताठ उभा राहणारा डबा. त्यात खडू ठेव, गोट्या ठेव, चिंचोके ठेव, काय हवं ते ठेव.

कापडात कुठे सामान ठेवतात, असं वाटतंय? अरे, यवतमाळ जिल्ह्यात हे फार जुनं आहे! पुसद, दिग्रस, दारव्हा या भागात बंजारा समाजाचे कितीतरी तांडे आहेत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून लांब लांब जायचे. एवढ्या प्रवासात मातीचं मडकं फुटणार. लाकडी पेटी जड होणार. मग उरलं काय? कापड! बंजारा बायकांनी कापडाच्या पिशव्या शिवल्या आणि त्यांवर रंगीत धागे, आरसे, कवड्या लावून त्या अशा काही सजवल्या की बघत राहावं!

आपल्या डब्याला कापडही इथलंच घेऊ या. यवतमाळ म्हणजे कापसाचा जिल्हा. दिवाळीच्या आसपास वणी, राळेगाव, पांढरकवडा, घाटंजी, कुठेही जा. खाली काळीभोर जमीन आणि वर पांढरी पांढरी बोंडं! वेचलेला कापूस जिनिंगमध्ये जातो. तिथे सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. रुईचं होतं सूत आणि सुताचं होतं कापड. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तर रेमंडचा डेनिमचा कारखानाच आहे. डेनिम म्हणजे जीन्सचं कापड!

तुझी जुनी जीन्स उलटी करून बघ बरं. बाहेरून निळी आणि आतून पांढुरकी! असं का? कारण तिचे उभे धागे निळ्या रंगात बुडवलेले असतात आणि आडवे धागे असतात बिनरंगाचे. विणताना निळे धागे जास्त करून बाहेरच्या बाजूला येतात आणि पांढरे आत लपतात. जाड, दणकट आणि पटकन न फाटणारं. डब्यासाठी मला तरी यापेक्षा चांगलं कापड सुचत नाही. घरातली आखूड झालेली जीन्स चालेल की!

चल, आता मशीनजवळ ये. अजून जवळ!

कापड आधी एका चौकटीत ताणून बसवतात. खाली एक खास कागद लावतात, म्हणजे टाक्यांच्या ओढीने कापड गोळा होत नाही. ही चौकट मशीन स्वतः सरकवतं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे.

पण थांब. सुई कापडात रुतलेली असताना कापड सरकलं तर? सुई वाकेल नाही तर मोडेल! म्हणून मशीन चक्क स्टॅच्यूचा खेळ खेळतं. सुई खाली आली की स्टॅच्यू! कापड गप्प. सुई वर गेली की पळ! सुई खाली, स्टॅच्यू! सुई वर, पळ!

आणि हा खेळ किती वेगाने चालतो, सांग बघू? घरातलं मशीनसुद्धा मिनिटाला 600 टाके घालू शकतं. भागाकार कर. सेकंदाला 10 टाके! तू 'स्टॅच्यू' हा शब्द एकदा म्हणेपर्यंत मशीनचे कितीतरी स्टॅच्यू होऊन जातात! एखाद्या फुलात 6000 टाके असतील, तर ते फूल 10 मिनिटांत तयार!

या सुईचं भोक कुठे असतं, माहीत आहे? हाताने शिवायच्या सुईचं भोक तिच्या मागच्या टोकाला असतं. हिचं मात्र अगदी अणीजवळ! सुई धागा घेऊन कापडाखाली जाते आणि किंचित वर येते. तेवढ्यात धाग्याचा इवलासा फास तयार होतो. खाली एक आकडा फिरत असतो. तो हा फास झटकन पकडतो आणि खालच्या बॉबिनला पूर्ण वळसा घालतो. म्हणजे अख्खी बॉबिन त्या फासातून पार होते! वरचा धागा आणि खालचा धागा एकमेकांत अडकतात. झाला एक टाका! शेजारच्या शिंप्याकाकांच्या साध्या मशीनमध्येही असंच होतं.

मशीनला फूल काढायचं कळतं कसं? त्याच्याकडे फुलाचं चित्र असतं का? मुळीच नाही! त्याच्याकडे असते सूचनांची लांबलचक यादी. इतकं उजवीकडे जा, टाका घाल. इतकं वर जा, टाका घाल. एका मिलिमीटरचे 10 भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतकं बारीकही ते मोजतं!

अजून एक गुपित सांगते. अशा कितीतरी याद्यांमध्ये रंग लिहिलेलाच नसतो! फक्त 'थांब, धागा बदल' एवढंच असतं. पानांच्या वेळी जांभळा धागा लावलास तर मशीन खुशाल जांभळी पानं भरत बसेल.

ही सरकत्या कापडाची युक्ती कॉम्प्युटरच्याही आधीची आहे बरं का! 1863 साली स्वित्झर्लंडमध्ये इसाक ग्रोबली नावाच्या माणसाने भरतकामाचं एक प्रचंड मशीन तयार केलं. सुया एका रांगेत आणि समोर ताणलेलं कापड. एक कारागीर सहापट मोठ्या चित्रावरून टोक फिरवायचा. ते टोक सहा मिलिमीटर सरकलं की कापड एक मिलिमीटर सरकायचं!

बरं, आता डबा. घरगुती मशीनची एक नेहमीची चौकट असते 13 सेंटिमीटर बाय 18 सेंटिमीटर. त्यात अख्खा डबा कसा मावेल? म्हणून 12 सेंटिमीटरचे पाच चौकोन वेगवेगळे करायचे. एक तळ आणि चार भिंती.

मशीन आधी नुसत्या कागदावर चौकोन शिवतं. तो झाला नकाशा. त्यावर आपण बकरम ठेवायचं. बकरम म्हणजे शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ते कडक कापड. त्यावर डेनिम. मशीन पुन्हा त्याच चौकोनावरून फिरतं आणि सगळं पक्कं करतं. मग फूल भरतं. मागच्या बाजूला अस्तर लावायचं, जास्तीचं कापड कातरायचं आणि शेवटी काठावर दाट टाके! असे पाच चौकोन झाले की कडेला कड लावून हाताने जोडायचे.

पण तो ताठ उभा कसा राहतो? एक पोस्टकार्ड घे आणि उभं कर. पडलं! आता त्याला मधोमध घडी घाल आणि पुन्हा उभं कर. राहिलं ना? कोपरा आला की दोन बाजू एकमेकींना धरून ठेवतात. आपल्या डब्याला तर असे चार कोपरे आहेत!

आरसे आणि कवड्या मात्र हातानेच लावायच्या. सुई कवडीवर आदळली तर मोडेलच. तिथे बंजारा आजीच्या बोटांची सर या मशीनला नाही. मी तर म्हणेन, फुलं मशीनने भर आणि कवड्या कुणा जाणत्या आजीकडून लावायला शिक. मशीन चालू असताना घरातलं मोठं माणूस जवळ हवंच, आणि बोटं चौकटीपासून लांब!

मशीन नसेल तरी हे कोडं सोडव. कागदाचे पाच सारखे चौकोन घे आणि कडेला कड लावून जोड. त्यांच्या एकूण 12 वेगवेगळ्या आकृत्या होतात. त्यांतल्या फक्त 8 आकृत्यांना घड्या घातल्या की बिनझाकणाचा डबा होतो. त्या 8 कोणत्या? शोध आणि मला नक्की कळव!